नऊ माणसांची बैठक

सोफा घ्यायला आलेली माणसं सोफ्यावर बसून बघतात. लाल्ला बतूल झोपून बघत होत्या.

हायवेवरचं ते फर्निचरचं दुकान एवढं अवाढव्य होतं, की आत शिरलेला माणूस हरवू नये म्हणून जमिनीवर बाण काढून ठेवले होते. रविवार होता. निम्मं रबात शहर तिथं लोटलं होतं. बायका गाद्या दाबून बघत होत्या, पोरं खाटांवर उड्या मारत होती, नवरे ढकलगाड्यांना टेकून जांभया देत होते. आणि या सगळ्या गर्दीत अडुसष्ट वर्षांच्या लाल्ला बतूल दर सोफ्यापाशी थांबायच्या, चपला काढायच्या, पायघोळ जेलाबा सावरायच्या आणि बिनदिक्कत आडव्या व्हायच्या. पाय ताणायच्या. टाचा सोफ्याच्या पलीकडच्या हातावर आपटल्या की उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "आखूड आहे."

नवल हे, की म्हणताना त्यांचा चेहरा खुलायचा.

"हाज्जा, त्याहून लांबही आहेत आमच्याकडे," दुकानातला सूफ्यान म्हणाला. छातीवर नावाची पट्टी लावलेला, पंचविशीतला, मोठा उत्साही मुलगा. "चला, दाखवतो."

"कशाला पायपीट? हाच छान आहे की," लाल्ला बतूल म्हणाल्या.

सूफ्यानला काही उमगेना. आखूड आहे म्हणून तोंड भरून कौतुक करणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

त्याचा दोष नव्हता म्हणा. खरी गोष्ट त्यांच्या पोटच्या पोराला ठाऊक नव्हती, तिथं सूफ्यान कोण?

लाल्ला बतूल नदीपलीकडच्या सला शहरात, ताब्रिकत वस्तीत राहत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा बस चालवायचा. त्याने हयातभर चालवलेल्या बसमधून हे घर उभं राहिलं होतं. घरात दोन खोल्या आणि एक लांबलचक दिवाणखाना. दिवाणखान्याला तिन्ही भिंतींनी बैठक. गाद्यांतली लोकर लाल्ला बतूलनी गच्चीवर स्वतः धुतलेली, वाळवलेली, पिंजलेली. इकडे बैठक फुटांत कुणी मोजत नाही, माणसांत मोजतात. लग्नाला, मयताला, ईदेला पाहुणे आले की रात्री किती जण आडवे होतील, ते खरं माप. लाल्ला बतूलची बैठक नऊ माणसांची होती, आणि कुणी "आठ" म्हटलं तर त्या नावं घेऊन नऊ मोजून दाखवत.

गेल्या हिवाळ्यात त्या जिन्यावरून घसरल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे तासभर पडून होत्या. हातातल्या पिशवीतली संत्री गडगडत खालपर्यंत गेली, ती बघून शेजारीण वर आली. मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. पण तीन मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. घर विकायचं आणि आईला खाली उतरवायचं, असं फोनाफोनी करून त्यांनी परस्पर ठरवलं. थोरला जवाद तांजियरला, त्याच्या दोन खोल्यांत चार पोरं. मधला मुनीर ब्रसेल्सला. राहता राहिला धाकटा अन्वर. त्याने तमारा शहरात नुकतंच नवं घर घेतलं होतं. झोपायची एक खोली आणि एक हॉल. म्हणजे आई हॉलमध्ये. येत्या शुक्रवारी कुस्कुसच्या जेवणाला सगळे जमणार होते आणि पक्कं करणार होते.

लाल्ला बतूल नाही म्हणाल्या नव्हत्या. म्हणून उपयोग नव्हता. नाही म्हटलं की तीन तोंडं एकदम सुरू होत, आणि मोडकं मनगट पुढं केलं जाई. पण त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला होता: हॉलमध्ये आडवं व्हायला जागाच नसेल, तर नेतील कुठं? ज्या घरात आई झोपू शकत नाही, त्या घरी आईला नेतंच कोण? तेव्हा सोफा आखूड हवा. जितका आखूड, तितकं ताब्रिकतचं घर पक्कं.

इकडे अन्वर आणि त्याची बायको वियाम यांचं महिनाभर याच हॉलवरून वाजत होतं. अन्वरला हवी होती बैठक, भिंतीला लागून, आईच्या घरी होती तशी. वियामला हवा होता राखाडी रंगाचा सुटसुटीत सोफा.

"आपण काय मंगल कार्यालय काढतोय का?" वियाम म्हणायची. "दोन माणसं आपण. नऊ जण झोपवायचेत कुठून आणून?"

शेवटी अन्वरने आईला बरोबर घेतलं. आई आपल्याच बाजूने बोलणार, याची त्याला बालंबाल खात्री होती. आणि आई तर सकाळपासून सुनेच्या गळ्यात गळा घालून चालली होती.

"वियाम म्हणते तेच बरोबर," लाल्ला बतूल म्हणाल्या. "बैठकीचा जमाना गेला. धूळ किती धरतात मेल्या."

अन्वर जागच्या जागी थांबला. "आई? तू बोलतेयस हे?"

"का? म्हाताऱ्या माणसाला आवड नसते?"

वियाम गोंधळली. दोन वर्षांच्या संसारात सासूने तिच्या मिठाचंसुद्धा कौतुक केलं नव्हतं. आज तिच्या सोफ्याचं चाललं होतं. सासू-सुनेचं एकमत झालं की कुठंतरी पाणी मुरतंय, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. पण आयती मदत मिळतेय तर कशाला बोला, म्हणून गप्प राहिली.

"एकदा बैठका तर बघा," अन्वर रडकुंडीला येऊन म्हणाला, आणि बाणांच्या उलट दिशेनं दोघींना ओढत घेऊन गेला.

दुकानाच्या एका कोपऱ्यात अख्खा दिवाणखाना मांडला होता. लांब बैठका, गोल मेज, पितळी तबक, चहाचे रिकामे पेले. अन्वर बूट काढून टोकाच्या गादीवर पसरला. "हे बघ आई, असं. मऊ आहे. तुझ्या पाठीला बरं पडेल." एवढं म्हणून त्याने सवयीनं भिंतीकडे तोंड केलं, गुडघे पोटाशी घेतले, हाताची उशी केली. आणि दोन मिनिटांत तो घोरायला लागला.

"बाई गं!" वियाम म्हणाली. "उठवा त्याला. लोक बघताहेत."

"झोपू दे," लाल्ला बतूल म्हणाल्या.

त्या बघत उभ्या राहिल्या. ताब्रिकतला बाल्कनीच्या दाराशी हा असाच झोपायचा, सात वर्षांचा असल्यापासून. थोरला पाय पसरून झोपे, मधला बडबडत झोपे, आणि हा असा भिंतीत तोंड खुपसून.

"घरी झोप लागत नाही त्याला," वियाम हळूच म्हणाली. "तुम्ही पडल्यापासून. पहाटे उठून फोन हातात घेऊन बसतो. तुम्हाला करावा तर झोपमोड होईल, नाही करावा तर जीव थाऱ्यावर नाही. मला म्हणतो, आई तासभर जिन्यात पडली होती आणि मी त्या वेळी सँडविच खात होतो."

हे लाल्ला बतूलच्या हिशेबात धरलेलं नव्हतं. पोरगं आपलं घर विकायला निघालंय, एवढंच त्यांनी धरलं होतं. त्या त्याच्या पायाशी बसल्या, त्याचा घसरलेला मोजा वर ओढला. मनात म्हणाल्या, जावं का याच्याकडे? आणि लगेच डोळ्यांपुढे आली ती आपली बाल्कनी, खाली दूध घेऊन ओरडणारा हमीद, समोरच्या गच्चीवरची कपडे वाळत घालणारी फातना, आणि नऊ जागा. नाही. जीव तिथंच होता.

अन्वर दचकून उठला. "मी झोपलो होतो?"

"नाही, गादी तपासत होतास," वियाम म्हणाली.

"आता चला," लाल्ला बतूल म्हणाल्या. "तो राखाडी घेऊन टाकू या आणि सुटू या." त्यांना घाई झाली होती. मन पुरतं पाघळायच्या आत काम उरकायला हवं होतं.

राखाडी सोफ्यापाशी सूफ्यान वाटच बघत होता. कागद-पेन तयार.

"हाच ना? आणि हाज्जा, तुम्हाला आखूड वाटला होता ना सारखा?" त्याने डोळे मिचकावले. "आता बघा हं."

तो खाली वाकला, बसायच्या जागेखालचा पट्टा धरून त्याने खेचला. खट्ट झालं. सोफ्याच्या पोटातून आणखी एक सोफा बाहेर आला, वर उचलला गेला, आणि बघता बघता तिथं ऐसपैस पलंग तयार झाला. बाजूने जाणाऱ्या दोन बायका "माशाल्लाह" म्हणून थांबल्या.

अन्वरने टाळीच वाजवली. "संपलं भांडण! दिवसा वियामचा सोफा, रात्री आईचा पलंग. अरे, आधी का नाही सांगितलंस?"

"हाज्जा झोपून बघत होत्या, मला वाटलं त्यांना तेच आवडतंय," सूफ्यान म्हणाला. "झोपून बघा ना आता."

लाल्ला बतूलनी चपला काढल्या. आडव्या झाल्या. पाय ताणले. टाचा कशालाच लागल्या नाहीत. वर वीतभर जागा उरली. झक मारत म्हणावं लागलं असतं, की सोफा उत्तम आहे. वर छताला लोखंडी नळ होते आणि त्यांना लटकलेले दिवे. त्या तशाच दिव्यांकडे बघत पडून राहिल्या.

"कसं वाटतंय, आई?" अन्वरने विचारलं.

"पोरा," त्या सूफ्यानला म्हणाल्या, "सकाळी हा मिटायचा ना?"

"हो हाज्जा. एका मिनिटात मिटतो. एक बोट लावलं तरी."

"मग मी कुठं जायचं?"

सूफ्यान हसला, मग त्याला कळलं की हसायचं नव्हतं.

"आई, काय बोलतेस," अन्वर म्हणाला. "दिवसा सोफ्यावर बसशील. टीव्ही बघशील."

लाल्ला बतूल उठून बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांना त्याचा राग आला होता. "अन्वर, ऐक. मला कुठलाच सोफा नको. लांब नको, आखूड नको. मला माझ्या घरी झोपायचंय. रोज सकाळी माझं अंथरूण मिटलं, की मी पण मिटायचं का? मी तुझ्या घरी येईन, तीन दिवस राहीन, चौथ्या दिवशी मला माझ्या घरी सोड. सकाळपासून आखूड सोफे का शोधतेय मी? वेडी झालेय म्हणून?"

अन्वर बघतच राहिला. "म्हणजे तू मुद्दाम..."

"मुद्दाम."

"आणि पुन्हा पडलीस तर? जिन्यात पडलीस तर, आई? त्या दिवशी मी..."

"ऐकलं मी. सांगितलं वियामने." लाल्ला बतूलनी त्याचा हात धरून त्याला त्या उघड्या पलंगावर शेजारी बसवलं. "पडले तर पडले रे. पण तुला रोज संध्याकाळी फोन करीन. नाही केला तर तू ये. नाहीतर असं कर, दर गुरुवारी ये. झोपायलाच ये. इथं दुकानात घोरतोस, त्यापेक्षा तिथं घोर. तुझी जागा आहे बाल्कनीच्या दाराशी. तिथं मी पाहुण्यालासुद्धा झोपू देत नाही."

अन्वर मान खाली घालून बसला. गर्दी बाणांवरून पुढं सरकत होती. एक पोरगं येऊन पलंगाच्या कोपऱ्यावर उडी मारून गेलं.

वियाम पुढं आली, "उठा दोघं," म्हणाली, आणि ती दोघं उठताच तिने एका बोटाने सोफा मिटवला. खट्ट.

"हा नको," ती सूफ्यानला म्हणाली. "न उघडणारा दाखव."

"वियाम!" अन्वर म्हणाला.

"काय वियाम? शुक्रवारी तुझे भाऊ विचारतील, आई झोपणार कुठं. तू म्हणशील, हॉलमध्ये. मी म्हणेन, जागा नाही. म्हणू देत मला कजाग. तसंही थोरल्या जाऊबाई म्हणतातच." मग ती सासूकडे वळली. इतका वेळ ठणकावून बोलणारी मुलगी एकदम चाचरली. "लाल्ला, एक विचारू? गुरुवारी अन्वर बाल्कनीशी झोपणार. मग मी? दोन वर्षं झाली, दर वेळी मला कधी इथं सरक, कधी तिथं सरक. त्या नऊ जागांत माझी कुठली?"

नऊ नावं लाल्ला बतूलना तोंडपाठ होती. त्यांनी मनात पहिल्यापासून मोजायला घेतलं. जवाद, मुनीर, अन्वर, गेलेली बहीण, तिच्या दोन मुली, फातनाची आई, नवरा आणि त्या स्वतः. वियामचं नाव कुठंच आलं नाही. त्यांना लाज वाटली, सरळ सरळ लाज वाटली.

"खिडकीखालची," त्या म्हणाल्या. "ह्यांची होती ती. सहा वर्षं रिकामी आहे. हवा चांगली येते तिथं."

वियामने मान डोलावली. मग अन्वरने नाक पुसलं आणि सूफ्यानला विचारलं, "जिन्याच्या पायऱ्यांना चिकटवतात त्या खरखरीत पट्ट्या मिळतात का इथं? तीन मजल्यांना पुरतील एवढ्या?"

"मिळतात. खाली, शेवटच्या बाणाला," सूफ्यान म्हणाला. त्याने कागद सरळ केला. "आणि सोफा कुठला लिहू?"

"आखूड," लाल्ला बतूल चपला घालता घालता म्हणाल्या. "असेल त्यातला सगळ्यात आखूड."