नेदरलँड्सच्या वतीने

प्रतापने लेकीच्या भाषणातला ‘रिक्वेस्ट’ शब्द खोडून ‘डिमांड’ केला.

“नेदरलँड्स काय विनवण्या करणार का? ठणकावून सांग.”

उद्या सकाळी अश्लेषाच्या शाळेची ऑनलाइन संयुक्त राष्ट्रसभा होती. सभा खोटीखोटी, पण प्रताप खऱ्यासारखा पेटला होता. विषय पॅलेस्टिनी निर्वासितांच्या शाळांना मदत, आणि अश्लेषाच्या वाट्याला नेदरलँड्स. माहिती वरच्या मजल्यावरच्या मुनीरने दिली होती. सीरियात, दमास्कसजवळच्या पॅलेस्टिनी छावणीत, संयुक्त राष्ट्रांच्या अशाच शाळेत तो शिकला होता. शेवटचं वाक्य मात्र प्रतापचं: ‘जागा नाही’ हे मुलांना द्यायचं उत्तर नव्हे.

संध्याकाळी नेदरलँड्समधल्याच हूफडॉर्प गावातल्या त्यांच्या इमारतीच्या भाडेकरूंची ऑनलाइन सभा झाली. लॉकडाउनमुळे शाळा बंद होत्या आणि घरातल्या तान्ह्या बाळाच्या रडण्यात मुनीरच्या दोन मुलांना वर्ग ऐकू येत नव्हता. तळमजल्यावरची रिकामी खोली सकाळपुरती मिळावी, एवढंच त्याचं मागणं. घरमालक कंपनीच्या माणसाला ते रुचलं नव्हतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. मतदान भाडेकरूंपुरतं गुप्त होतं; कुणाचं मत काय, ते कंपनीला दिसणार होतं. प्रताप तटस्थ राहिला.

“बाबा, व्हाय?” मागे उभ्या अश्लेषाने विचारलं.

“आपला भाडेकरार संपत आलाय. बाहेरची माणसं आपण, कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं?”

मतं समसमान पडली आणि मागणी बारगळली. मुनीरने सगळ्यांचे आभार मानले, प्रतापचे तर नाव घेऊन.

सकाळी भाषण सुरू झालं, पण आवाज जिन्यातून येत होता. प्रतापने दार उघडलं. अश्लेषा कोट घालून पायरीवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिच्या खालच्या पायरीवर मुनीरची मुलं, टॅब घेऊन. शेवटचं वाक्य संपवून तिने माइक बंद केला.

“इथे काय करतेस? थंडी किती आहे!”

“दे सिट हिअर, बाबा. एव्हरी डे.”

प्रतापला स्वतःची लाज वाटली. आत जाऊन त्याने जेवणाच्या टेबलावरचं आपलं ऑफिस उचललं, बेडरूममध्ये नेऊन टाकलं आणि तिघांना आत बोलावलं.

धाकट्याने बूट काढता काढता डचमध्ये सांगितलं, “पप्पा म्हणाले, तुम्ही आमच्या बाजूने मत दिलंत.”

अश्लेषाने बाबाकडे पाहिलं.

“नाही,” प्रताप तोडक्यामोडक्या डचमध्ये म्हणाला. “मी नाही दिलं.”

आणि त्याने मुलासाठी खुर्ची ओढली.