तळाची लाल मूठ

मित्रांनो, उलव्याच्या आश्रमाच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात, देवाच्या तसबिरीखाली जो निळा पत्र्याचा डबा दिसतो, तो जुनापुराणा डबा म्हणजे मी. माझा जन्म तुर्भ्याच्या कारखान्यातला. मी पंधरा किलो तेल पोटात घेऊन आश्रमाच्या स्वयंपाकघरात आलो. तेल संपल्यावर मी भंगारातच जायचो. पण दिनानाथ सेवेकऱ्यांनी माझा वरचा पत्रा कापला, कडा ठोकून बोथट केल्या, झाकण बसवले आणि मला वर्गात आणले. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असतो.

वर्गात सकाळी कुणी झाडतो, कुणी तुळशीला पाणी घालतो, कुणी पाढे म्हणताना डुलक्या काढतो. गुरुवारी मात्र सगळ्यांची सेवा एकच. प्रार्थनेच्या वेळी मुले डोळे मिटून बसतात आणि एकेक जण उठून घरून आणलेले मूठभर तांदूळ माझ्यात टाकतो. कुणाची मूठ केवढी, ते कुणी बघायचे नाही. मला कळते म्हणा! मोठमोठ्या सोसायट्यांतल्या काही मुठी चिमटीएवढ्या असतात. शुक्रवारी त्या तांदळाची खिचडी करून तुर्भ्याच्या वस्तीत वाढतात. तळाशी थोडे दाणे मात्र ठेवतात, कारण धान्याचा डबा पुरता रिकामा करू नये.

सगळ्यांचे तांदूळ पांढरे असत, फक्त नमिताचे लाल. ती खाडीकाठच्या गावातली. त्यांची खाऱ्या जमिनीतली शेते विमानतळात गेली होती आणि शेवटच्या पिकाचा तांदूळ घरात जपून वापरत होते. ती मूठ हळूहळू उघडायची आणि रिकामी झालेली बोटे माझ्या पत्र्यावर दोनदा वाजवायची. मला ती फार आवडायची.

एका गुरुवारी मला नुकतेच धुऊन कोरे केले होते आणि प्रार्थना सांगायची पाळी तिची होती, म्हणून तिने पहिली मूठ टाकली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. डेंगीच्या तापाने ती गेली. वर्गाच्या वैशालीबाई तिच्या जागेकडे बघून रडल्या. तिची मूठ माझ्या तळाला राहिली. वर पांढरे तांदूळ येत राहिले, जात राहिले.

मग मला तो आवाज येऊ लागला. डोळे मिटलेली मुले शांत झाली की आतून पत्र्यावर बोटे वाजायची. दोनदा. उन्हाने पत्रा तडतडतो, हे मला ठाऊक आहे. हा तो आवाज नव्हता. सुट्टीत बंद वर्गातही तो यायचा आणि मी भीतीने गारठून जायचो. सांगणार कुणाला? डब्याला झाकण असते, तोंड नसते.

पावसाळ्यानंतर माझ्यात किडे झाले. वैशालीबाईंनी मला उन्हात कागदावर उपडा केला आणि सगळ्यांत शेवटी लाल दाणे पडले. बाईंनी ते वेगळे काढून ठेवले. त्यांनी नमिताच्या आईला, सुचिताला, बोलावून घेतले.

सुचिताने दाणे पदरात घेतले. “यो आमचे खारीचा तांदूल हाय, बाई. माजे नमीची मूठ हाय. मना घरा नेव द्या.”

“न्या ना, सुचिताताई. तुमचीच आहे.”

एवढ्यात वर्गातली अस्मिता म्हणाली, “बाई, पण तुम्हीच सांगता ना, दिलेलं परत घ्यायचं नसतं?”

“अस्मिता, गप्प बस!”

सुचिता पदराकडे बघत राहिली. कितीतरी दाणे किड्यांनी पोखरले होते. तिच्याकडे लेकीच्या हातचे दुसरे काही उरले नव्हते. माझा तर जीवच टांगणीला लागला होता.

“पोरगी खरा बोलते,” ती अखेर म्हणाली. “नमीनं दिलेला हाय. मी कशी नेव?” आणि ती तिथेच दाणे निवडायला बसली. मुलेही भोवती बसली.

शुक्रवारी ते दाणे तिनेच पातेल्यात सोडले आणि वस्तीत स्वतः वाढायला गेली. एका मुलीच्या ताटलीत लाल शिते आली. ती खाईना. “खा गो बाय, साकरंवानी ग्वार हाय,” सुचिता म्हणाली. पोरीने चाटूनपुसून खाल्ले आणि सुचिता तिथेच रडली. हे मला बाईंच्या तोंडून कळले.

त्या दिवसापासून आतला आवाज थांबला. खरे सांगू? मला त्याची भीती वाटायची, आणि आता तो येत नाही म्हणून गुरुवार सरता सरत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवत जा, झाकण घट्ट लावत जा. आणि माझ्यात पडलेली मूठ वेळेवर कुणाच्या तरी पोटात जाऊ द्या. अडकून राहिलेली मूठ फार हाका मारते.