वर्लिनचं घर येतं

“बाई, आमच्या मागेच राहा. आणि गाडीचे दिवे लावून ठेवा, डोंगरात धुकं आहे,” पुढच्या गाडीचा ड्रायव्हर काचेशी वाकून म्हणाला.

आर्डिथने मान हलवली. पेट्रोल पंपापाशी तिचं नवं घर दोन ट्रकांच्या मागे, दोन तुकड्यांत उभं होतं. एकात स्वयंपाकघर, दुसऱ्यात निजायच्या खोल्या. उघड्या बाजूंवर ताणलेलं प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं.

“आई, रडायला लागू नकोस हं,” स्टिअरिंगवर बसलेली रोंडा म्हणाली. “नवं घर आलं की लोक केक कापतात.”

“मी कुठे रडतेय? तू पुढे बघ.”

घर पाहावं बांधून, म्हणतात. हे तर बांधायचंही नव्हतं. कारखान्यातून तयार होऊन चाकांवर दारात यायचं होतं. तरी त्याने सगळ्यांना मेटाकुटीला आणलं. आर्डिथच्या नवऱ्याने, वर्लिनने, ते पसंत केलं होतं विक्रेत्याच्या आवारात, नमुन्याच्या घरातल्या पलंगावर बुटांसकट आडवं होऊन.

“अरे ऊठ! लोकांचा पलंग आहे,” आर्डिथ लाजेने अर्धी झाली होती.

“वर बघ. छत गळत नाही! किती वर्षांनी उशाशी पातेलं न ठेवता झोपतोय मी. हेच घेऊ.”

मग साथ आली. कारखाना बंद पडला, घर रखडलं, आणि जानेवारीत वर्लिनच गेला. जन्मभर त्याने शाळेची बस चालवली. खोऱ्यातली निम्मी माणसं त्याच्या बसमध्ये दंगा करत मोठी झालेली. पण त्या हिवाळ्यात मयतीला माणसं जमवायची बंदी होती. केंटकीच्या या डोंगरांत मयत म्हणजे दिवे लावून हळू चाललेली गाड्यांची रांग; ती दिसली की समोरून येणारा अनोळखी माणूससुद्धा गाडी कडेला घेतो, टोपी काढतो. त्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शववाहिका आणि मागे रोंडाची गाडी, बस्स. नवरा गेल्याचं दुःख तर होतंच, पण हे आर्डिथला आत सलत राहिलं. चोरासारखा नेला गं आपण त्याला, असं ती लेकीला म्हणायची आणि लेक विषय बदलायची.

घर निघालं. सगळ्यांत पुढे पिवळे दिवे लुकलुकवणारी गाडी, मग दोन तुकडे, मग या दोघी. रस्ता अरुंद, चाल बैलगाडीची. मागे हळूहळू बऱ्याच गाड्या साचल्या, सगळ्यांचे दिवे लागलेले.

ओढ्याजवळच्या वळणावर एक म्हातारा आपल्या फाटकाशी उभा होता. धुक्यात पिवळे दिवे दिसताच त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. मग त्याच्यासमोरून स्वयंपाकघर गेलं, खिडकीसकट. म्हाताऱ्याने मान वर केली. रोंडाची गाडी जवळ आली तेव्हा तो स्वतःशीच हसत होता.

“थांब,” आर्डिथ म्हणाली.

“आई, घर पुढे चाललंय!”

“चालू दे. पळून कुठे जातंय? थांब म्हणते ना.”

गाडी थांबली. आर्डिथने काच खाली केली.

“काय सांगू बाई,” म्हातारा ओशाळून म्हणाला, “मला वाटलं कुणाची मयतच चाललीय! म्हातारपणी डोळे असे दगा देतात बघा.” आणि त्याने टोपी डोक्याकडे नेली.

“नका घालू,” आर्डिथ म्हणाली. “एवढ्यात नका घालू टोपी.”

म्हाताऱ्याचा हात तसाच राहिला.

“माझा नवरा गेला, मागच्या जानेवारीत. वर्लिन. बस चालवायचा. कुणी उभं राहिलं नाही हो त्याच्यासाठी. राहताच येत नव्हतं कुणाला.” तिने पुढे बोट केलं. “हे घर त्याचंच आहे.”

म्हाताऱ्याने टोपी पुन्हा छातीशी धरली आणि मान खाली घातली. मागच्या गाड्यांपैकी एकीनेही भोंगा वाजवला नाही.

“चल आता,” आर्डिथ म्हणाली. रोंडाने गाडी सोडली.

थोडं पुढे गेल्यावर आर्डिथने विचारलं, “उभे आहेत का गं अजून?”

रोंडाने आरशात पाहिलं. “आहेत.”

आणखी एक वळण गेलं.

“अजून?”

आरशात आता नुसती झाडं होती.

“हो आई,” रोंडा म्हणाली. “अजून आहेत.”