अर्धा इंच खाली

मास्तर वयाच्या बावन्नाव्या वर्षी मोटरसायकल शिकले आणि एकोणिसाव्या दिवशी पडले. मधल्या अठरा दिवसांत त्यांनी चौथा गिअर दोनदा पाहिला, तोही चुकून. एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला, आपल्या शिवणकामाच्या दुकानाकडे जाताना, एक बाई हातात झाडाची कुंडी घेऊन रस्ता ओलांडायला उतरली. मास्तरांनी गाडी थांबवायचा प्रयत्न केला. गाडी थांबली नाही. मग त्यांनी हँडल वळवलं, तर विजेचा खांब पुढे आला.

कुंडीला धक्का लागला नाही. बाईलाही नाही. रस्त्यावर पडल्या पडल्या मास्तरांनी पहिलं वाक्य ऐकलं ते तिचंच.

"अहो, ब्रेक नाहीत का तुमच्या गाडीला?"

हा प्रश्न मास्तरांना इतका सोयीचा वाटला की त्यांनी तो उत्तर म्हणून उचलला. रुग्णवाहिकेत सांगितलं, ब्रेक लागला नाही. पोलिसाला सांगितलं, ब्रेक गेला. बायकोपर्यंत पोचेतो तो "फेल" झाला होता.

उजव्या खांद्याचं पुढचं हाड मोडलं होतं, उजवं मनगट दोन ठिकाणी, आणि अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी तुटलं होतं ज्याचं नाव डॉक्टरांनी दोनदा सांगूनही लक्षात राहिलं नाही. घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येक जण फळं आणि एक गोष्ट घेऊन येई. फळं निरनिराळी असत. गोष्ट एकच असे: ओळखीतल्या एकाला अस्संच झालं होतं, तो काही वाचला नाही. हे सांगून झालं की पाहुणा मास्तरांकडे जरा नाराजीनं बघे आणि चहा घेऊन जाई.

बायकोनं आठवडाभर तोंड आवरलं. मग एके दुपारी फळ चिरता चिरता म्हणाली, "जन्मभर मागे बसलात. कधी तक्रार नाही. पुढे बसायची ही हौस आत्ताच कुठून आली?"

"मग मागे कुणाच्या बसणार होतो?"

तिची सुरी थांबली. नंतर तिनं उरलेलं फळ फारच बारीक चिरलं.

गाडी धाकट्याची होती. धाकटा म्हणजे मास्तरांचा सख्खा भाऊ, बसच्या डेपोत मुख्य मेकॅनिक. वीस वर्षं रोज सकाळी तो मास्तरांना दुकानाच्या दारात सोडून पुढे डेपोत जाई. मास्तर मागच्या सीटवर बसत, उजवा हात धाकट्याच्या उजव्या खांद्यावर. गाडीच्या आरशात धाकट्याचा खांदा दिसे आणि त्यावरून मास्तरांचा अर्धा चेहरा. वळण आलं की धाकटा झुके, त्याच्याबरोबर मास्तर झुकत. यापलीकडे गाडीशी त्यांचा संबंध नव्हता. हिवाळ्यात एक दिवस धाकटा जेवणाच्या सुट्टीत डेपोच्या बाकावर, जरा छातीत जळजळतंय, असं म्हणून बसला आणि उठलाच नाही. एकोणपन्नास वर्षांचा होता.

भावजय गाडी विकणार होती. मास्तर म्हणाले, नको, मी शिकतो. तिनं किल्ली दिली, पण देताना दोनदा हात मागे घेतला. शिकवणारा वैतागून जाई, कारण वळणावर मास्तर झुकतच नसत. पुढे कुणीतरी झुकेल याची वाट बघत ताठ बसून राहत.

आता कोटाबद्दल सांगायला हवं.

शिवणाऱ्याच्या घरात एक नियम असतो, तो कुणी लिहून ठेवलेला नाही पण मोडतही नाही: घरचं काम शेवटी. गिऱ्हाईक दारात उभं राहून ओरडतं, घरचा माणूस ओरडत नाही. मास्तरांच्या बायकोचा ब्लाउज आठ महिने पडून असे. खुद्द मास्तरांच्या पँटचं एक बटण कोणे एके काळी तुटलं होतं, तिथे सेफ्टीपिन नांदत होती. धाकट्यानं तीन वर्षांपूर्वी गडद राखाडी लोकरी कापड आणून टेबलावर टाकलं होतं.

"कोट शीव दादा."

"कशाला? कुठे मिरवायचाय?"

"कुठे नाही. एकदा कोट घालून गाडी चालवायचीय. डेपोच्या फाटकातून आत जायचंय. बास."

मास्तरांनी माप घेतलं. धाकट्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. तसं वहीत लिहिलं.

"हा तुझ्या हाताचा प्रताप," धाकटा म्हणाला. "इतकी वर्षं धरून बसलायस. पडणार नाही होय? आता तूच भर घाल."

"पॅड घालतो. देवालाही कळणार नाही."

"देवाचं सोड. डेपोवाल्यांना कळता कामा नये."

मग एका गिऱ्हाइकाची घाई आली, मग दुसऱ्याची. कापड दर हंगामाला एक फळी वर चढलं. धाकटा गेला तेव्हा ते सगळ्यात वर होतं, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

प्लास्टरमधल्या हाताकडे बघत मास्तर दिवसभर त्या कापडाचा विचार करत. दुकान चालू होतं, कारागीर समर्थ होता. पण कोटाची कात्री दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हे त्यांनी धाकट्याला न सांगता ठरवलं होतं. आता सांगायलाही धाकटा नव्हता आणि कात्री धरायला अंगठाही नव्हता.

प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "तीन महिने व्यायाम. तेवढ्यात जे परत येईल ते येईल. त्यानंतर फारसं काही येत नाही. खांदा मात्र थोडा खाली राहील. काही नाही हो, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"मी कपडे शिवतो, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "माझ्या येईल."

त्याच आठवड्यात धाकट्याचा डेपोतला जोडीदार आला. तोही मेकॅनिक, खांबाजवळून गाडी त्यानंच उचलून नेली होती. त्यानं फळं आणली नव्हती आणि गोष्टही आणली नव्हती, त्यामुळे मास्तरांना त्याला बघून बरं वाटलं.

"गाडी खोलली दादा मी. पुढचे पाइप वाकलेत, टाकी चेपलीय, दिवा गेलाय. बाकी ठणठणीत."

"आणि ब्रेक?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मेकॅनिकनं कप खाली ठेवला. "दादा, त्याची गाडी ती. पोराबाळांसारखी जपलेली. ब्रेक एक नंबर आहे. गाडी उचलायला गेलो तेव्हा रस्ताही बघितला मी. टायर घासल्याची खूण नाही. ब्रेक फेल झाला नाही त्या दिवशी. कुणी दाबलाच नाही."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो बंद पडला.

"मी पाय उचलला," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"मशीनला खाली पेडल असतं. पाय दाबला की चालते. थांबवायची तर पाय उचलायचा. तीस वर्षं तेच करतोय. ती बाई आली आणि मी पाय उचलला. चांगला वीतभर वर. आणि वाट बघितली."

"कशाची?"

"थांबायची."

मेकॅनिक हसायला लागला. तोंडावर हात दाबून बघितला, जमलं नाही. शेवटी मोकळा सुटला, मास्तरही हसले, खांद्यातून कळ आली तरी हसले. मेकॅनिकनं डोळे पुसायला हात वर नेला आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

"हे त्याला सांगायला पाहिजे होतं दादा," तो हाताआडून म्हणाला. "डेपो डोक्यावर घेतला असता त्यानं."

"हं."

"तुमच्या कोटाचं पण असंच. तीन वर्षं सांगत होता, दादा कोट शिवतोय माझा. आम्ही म्हणायचो, अरे कोट शिवतोय का किल्ला बांधतोय? चिडायचा नाही. म्हणायचा, घाईत शिवायचे ते लोकांचे कोट. माझा सावकाश चाललाय."

मास्तरांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला, कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा.

"गाडी नीट कर," ते म्हणाले. "आणि त्याच्या बायकोला विचारून तूच वापर. पुढे बसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मेकॅनिक गेल्यावर बायको बाहेर आली. ब्रेकबद्दल एक अक्षर बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून पाहुण्यांनी विचारलं की मास्तरांच्या आधी तीच सांगू लागली, "ब्रेक फेल झाला होता हो." आवाजात शंकेला जागा नसे.

व्यायाम करून घेणारी मुलगी पंचविशीची होती आणि मास्तरांना काका म्हणे. तिनं त्यांच्या तळहातावर एक पिवळा चेंडू ठेवला.

"दाबा काका."

"दाबतोय."

"दाबताय की विचार करताय?"

मास्तर दोन्ही करत होते. पहिल्या महिन्यात चेंडूला काही कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात तो किंचित दबला. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, तुमची कात्री आणा. मास्तरांनी पिशवीतून मोठी कात्री काढली, तशी ती खुर्चीत मागे सरकली. "बाई गं. ही घेऊन रस्त्यानं आलात? कुणी अडवलं नाही?"

अंगठा कात्रीच्या कड्यात गेला. दाबेना. वर्तमानपत्र कापलं, तेही कुरतडल्यासारखं. तिनं त्यांचा अंगठा चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि कागदावर काहीतरी लिहिताना मान वर न करता म्हणाली, "काका, खोटं सांगत नाही. पातळ कापड जमेल, हळूहळू. जाड नाही जमायचं."

"एकच कोट आहे."

"कुणाचा?"

"भावाचा."

"मग घरचंच आहे की. सांगा ना त्यांना, जरा थांबा म्हणून."

"तीन वर्षं थांबला तो," मास्तर म्हणाले. "आता थांबत नाही."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं चेंडू त्यांना देऊन टाकला. घरी ठेवा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चालत दुकानात गेले. कारागिराला स्टूल आणायला सांगितलं. कापड खाली आलं, त्यावरची धूळ झटकली, वही उघडली. तीन वर्षांपूर्वीचं आपलं अक्षर बघून त्यांना हेवा वाटला. किती सरळ होतं.

"तुम्ही खडू मारा मास्तर, मी कापतो," कारागीर म्हणाला.

"खडू मी. कात्री मी."

"आणि मी काय करू?"

"तू दार लोटून घे. कुणी आलं तर सांग, मास्तरांकडे गिऱ्हाईक आहे."

चाळीस मिनिटांचं काम दिवसभर चाललं. उजवा अंगठा कड्यात घालायचा, वरून डाव्या हातानं मूठ दाबायची, एक इंच पुढे जायचं, श्वास घ्यायचा. दोनदा अंगठ्यानं सरळ नकार दिला, तेव्हा मास्तर त्याच्याशी बोलले. काय बोलले ते कारागिरानं ऐकलं नाही असं दाखवलं. पाठीच्या तुकड्यावर एके ठिकाणी कात्री खडूच्या बाहेर घसरली. दुसऱ्या कुणाकडून असं झालं असतं तर मास्तरांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. ते नुसते बघत राहिले, आणि मग पुढे कापू लागले.

कच्ची शिलाई कारागिरानं चार दिवसांत घातली. पाचव्या दिवशी दुपारी बायको डबा घेऊन आली, तेव्हा कोट हातात धरून दोघे एकमेकांकडे बघत उभे होते. ट्रायल कुणावर घ्यायची, हे दोघांनाही आधी सुचलं नव्हतं.

"तुम्हीच घाला," कारागीर म्हणाला.

मास्तर ट्रायलच्या आरशासमोर गेले. या आरशात तीस वर्षांत त्यांनी स्वतःला पूर्ण असं कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक पुढे, ते मागे. खांद्यावरची शिवण ओढून बघायची, दिसायचा तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून आपला अर्धा चेहरा. आज अख्खा माणूस दिसत होता. त्याच्या मागे कपाट होतं, कपाटाच्या वरच्या फळीवर मोकळी जागा.

धाकटा त्यांच्यापेक्षा चांगला चार बोटं उंच. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. कोट गुडघ्यांकडे निघाला होता. छातीत आणखी एक जण मावला असता. लहान मुलानं थोरल्याचे कपडे घालावेत तसा एकंदर प्रकार. घरातला थोरला कोण, हे आरशाला माहीत नव्हतं.

फक्त उजवा खांदा बरोबर बसला होता. शिवण जिथे यायला हवी तिथे, सुरकुती नाही, ताण नाही. मास्तरांनी टेप मागितला नाही. त्यांना तो आकडा पाठ होता.

कारागिरानं खोक्यातून पॅड काढलं. "उजव्या बाजूला भर लागेल मास्तर. खांदा पडलेला दिसतोय."

"ते ठेव आत."

"पण दिसतंय हो."

"दिसू दे."

कारागीर पॅड हातात घेऊन उगाच इस्त्रीकडे गेला. बायको डबा टेबलावर ठेवून मागे आली. तिला शिवणातलं काही कळत नव्हतं. तीस वर्षांत तिनं दुकानात मत म्हणून दिलं नव्हतं. ती आरशात बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

"इथे जरा दबलंय का हो?"

मास्तरांनी आरशात तो हात पाहिला. लांब बाहीतून त्यांची बोटं तेवढी बाहेर दिसत होती, अंगठा आत राहिला होता.

"दुखतंय का? काढू हात?"

"नको," ते म्हणाले. "राहू दे जरा."