शेतातलं कोणतं?

त्या अंड्याला एक पीस चिकटलं होतं—बारीक, राखाडी, वाळलेल्या घाणीत अडकलेलं—आणि ते नखाने खरवडताना तिला वाटलं, हे अजून कोमट आहे, की आपल्याच तळव्याची ऊब आपल्याला परत मिळतेय... सकाळी सकाळी बस पकडून ती गावाबाहेरच्या शेतावर जाऊन आली होती, मूठभर अंड्यांसाठी. कोंबड्यांवाली बाई म्हणालीही, "एवढ्या लांबून? दुकानं ओस पडली का तुमच्याकडची?" ती नुसती हसली. काय सांगणार—की नवरा बेकरीत कारागीर आहे, तापातून उठल्यापासून त्याला वास येत नाही, चव लागत नाही, आणि उद्या मालकाने बोलावलंय, एकदाचं काय ते बघून घ्यायला?

नवऱ्याने हे तोंडाने कधी कबूल केलं नव्हतं. "येतेय हळूहळू," म्हणायचा. ताटात पडेल ते खाऊन "छान झालंय." परवा ती भाजीत मीठच घालायला विसरली, तर त्यालाही छान. आपला घास तोंडात तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली होती, आणि तो मान खाली घालून जेवत होता, परक्याच्या घरी जेवावं तसा, काही उरू नये म्हणून.

पूर्वी किती नखरे! लग्नानंतर तिने हौसेने केलेला पहिला केक त्याने नुसता हुंगून बाजूला सारला होता. "दुकानातली अंडी ना? मला कळतं हो." केवढी रडली होती ती त्या दिवशी, न्हाणीघरात नळ सोडून... आणि आज तेच बोलणं परत ऐकायला मिळावं म्हणून बसचे धक्के खाल्ले.

तिने दोन तवे ठेवले. शेतातल्या अंड्याचा बलक गडद नारिंगी, टपोरा, आणि पांढरं त्याला घट्ट बिलगून बसलेलं. दुकानातलं मात्र फोडताक्षणी पाण्यासारखं कडेपर्यंत पसरलं, बलक फिकट, दमलेला. एवढा डोळ्यांत भरणारा फरक—तो जिभेला कळणार नाही असं होईलच कसं?

"अहो, डोळे बांधते तुमचे."

"हा काय पोरखेळ?" म्हणाला, पण बांधू दिले. गुडघ्यांवर हात ठेवून बसला, डॉक्टरसमोर बसायचा तसा. तिने एका बशीतला घास भरवला, मग दुसऱ्या बशीतला. तो चावत राहिला... चावत राहिला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली, आणि तिला दिसलं की त्याची बोटं गुडघ्याला घट्ट आवळली आहेत.

"दुसरं," तो म्हणाला. "दुसरं शेतातलं. ते काय लपतंय होय?"

दुसरं दुकानातलं होतं.

"बरोबर!" ती म्हणाली—इतक्या झटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं—आणि त्याने रुमाल ओढायच्या आत तिने बशांची अदलाबदल केली.

"बघ रंग! बघ!" नारिंगी बलकाकडे बोट दाखवून तो म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, येतेय म्हणून?" उरलेलं उभ्या उभ्याच संपवून तो दाढी करायला गेला. आतून शीळ ऐकू येऊ लागली. कितीतरी दिवसांनी.

तव्यांना थोडंथोडं चिकटून राहिलं होतं. तिने डोळे मिटले आणि एक तुकडा जिभेवर ठेवला, मग दुसऱ्या तव्यावरचा. तूप, मीठ, कोमटपणा. पाणी पिऊन पुन्हा घेतला... तेच. माझी जीभ तर ठणठणीत आहे ना? मग त्या दिवशी ह्यांना काय कळलं होतं? ओट्यावरचं दुकानातल्या अंड्यांचं खोकं दिसलं होतं की काय—आणि त्यानंतरची सगळी वर्षं मी ज्या जिभेला भीत स्वयंपाक केला, ती...

"अगं, उद्याचा एप्रन धुतलेला आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. विचारावंसं वाटत होतं. पण विचारलं असतं तर तो हसून काहीतरी म्हणाला असता, आणि ते खरं की खोटं हे तिला आता कधीच कळलं नसतं. मालकाची इतक्या दिवसांची धास्ती शोधूनही सापडेना. उद्या काहीही होवो. शीळ चालूच होती, सुरात होती, आणि ती ऐकत होती—भिंतीपलीकडच्या कुणा भाडेकरूची ऐकावी तशी.