अधांतरी घंटा

घंटा वाजली आणि दारात दाटलेली गर्दी एक पाऊल मागे सरली. खोली रिकामी होती. माझा मित्र जाऊन नऊ दिवस झाले होते. त्याची खाटसुद्धा देऊन टाकली होती.

अंथरुणाला खिळलेल्या मित्रासाठी ती घंटा मीच केली होती: खाटेला बटण, तिथून स्वयंपाकघरापर्यंत लांब वायर आणि तिथल्या भिंतीवर मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे घंटा वाजवणाऱ्या छोट्या चिपची, डबी. तो गेला त्या दुपारी त्याची सून पंप लावून पाणी भरत होती. त्या आवाजात तिला घंटा ऐकू गेली नाही. आता तिने पंप लावला की घंटा वाजे.

घंटेचा उलगडा करायला बोलावलेल्या बुवांनी डोळे मिटले. "लहरी... कंपने... आत्मा अधांतरी आहे. सून घराबाहेर जाईपर्यंत तो बोलावणारच. आणि डबीला हात लावाल, तर दुसरा जीव जाईल." एवढे सांगून त्यांनी दुसरा चहा मागवला.

सासूने, म्हणजे माझ्या मित्राच्या बायकोने, सुनेची बॅग दाराशी आणून ठेवली होती. मित्राचा मुलगा, सुनेचा नवरा, मान खाली घालून उभा होता. सून मला हळूच म्हणाली, "काका, खरंच बोलावतात हो ते. मी त्या दिवशी गेले नाही ना."

खरे सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. पण तंत्रनिकेतनात लागलेली सवय कामी आली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मी सासूला पंप लावायला सांगितले. घंटा वाजली. मग पंप बंद करून बुवांना तीच विनंती केली. ते आढेवेढे घेऊ लागले, पण गर्दीनेच त्यांना पुढे केले. त्यांनी पंपाचा खटका दाबला. घंटा वाजली.

"बुवा, बॅग भरा," मी म्हणालो, "तुम्हालाही बोलावणं आलंय."

मागे कोणीतरी फिसकन हसले.

वायरीचा माग काढत मी खाटेच्या जागी गेलो. तिथे वायरीची उघडी टोके लोंबत होती. खाट देताना बटण कापून टाकले, असे सासूने सांगितले.

चूक माझीच निघाली. वायरीवरचा विजेचा दाब स्थिर धरणारा छोटा रेझिस्टर मी डबीत न बसवता बटणात बसवला होता. बटणाबरोबर तोही गेला. पंपाच्या खटक्यात ठिणगी उडे, तिचा झटका ही लांब वायर पकडे आणि चिपला वाटे, कोणी बटण दाबले.

"वहिनी," मी सासूला म्हणालो, "आत्मा नाही, वायर अधांतरी आहे."

मी डबी उघडली तेव्हा सून डोळे मिटून उभी होती. कोणाचा जीव गेला नाही. आत रेझिस्टर जोडून मी तिलाच पंप लावायला सांगितले. तिने खटक्यावर बोट टेकवले, काढले, पुन्हा टेकवले. पंप घरघरला. घंटा गप्प.

सासूने बॅग उचलून आत नेली. बुवा केव्हा निसटले, कळले नाही.

वाचकहो, भीती वाटण्यात लाज नाही. मात्र तिच्या सांगण्यावरून माणसाला घराबाहेर काढण्याआधी वायर कुठवर जाते, एवढे स्वतः चालत जाऊन पाहा.