भाईंच्या शेजारी

"डावीकडसून सत्यवान फुडे गेलो," ओठ फारसे न हलवता गुरुदास म्हणाला. "बॉल त्येच्याकडेच आसा. त्यांचो बॅक अंगावर येता."

भाई परुळेकरांनी मान डावीकडे वळवली. हात पाठीमागे बांधलेले, धोतराचा काष्टा घट्ट, डोक्यावर पांढरी टोपी.

"मधे कोण?"

"कोण नाय. बाबली मागेच रवलो."

भाईंनी बाबलीच्या नावाने हाळी दिली. बाबली धावला, सत्यवानचा पास त्याच्या पायात आला आणि पाहुण्यांचा गोली नुसता बघत राहिला. सड्यावरच्या कातळावर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "म्हाताऱ्याची नजर बघ," कुणीतरी म्हणालं. गुरुदासने ते ऐकलं आणि मैदानाकडे पाहत पुढचं सांगू लागला.

भाईंना दोन वर्षांपासून बॉल दिसत नव्हता. काचबिंदू. मिरजेला जाऊन आले, पण गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. माणूस जवळ आला की त्याची सावली तेवढी कळे. कणकवलीचं हे कॉलेज नवं होतं आणि फुटबॉलची टीम भाईंनी उभी केलेली. गुरुदास तांडेलला त्यांनीच इथे आणला. तो मुंबईत गोदीच्या टीममधून लेफ्ट हाफ खेळायचा. गुडघा गेल्यावर मालवणला परतून सासऱ्याच्या होडीवर जात होता. नजर होती तेव्हा भाईंनी त्याला किनाऱ्यावर पोरांना खेळवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडला. तेव्हापासून तो भाईंचा सहायक.

डोळ्यांबद्दल दोघांत बोलणं असं कधी झालंच नाही. एका संध्याकाळी सराव चालू असताना भाईंनी विचारलं, "बॉल खंय आसा?" बॉल त्यांच्या पायापासून हातभरावर पडला होता. गुरुदासने काही आश्चर्य न दाखवता सांगितलं, "हयच आसा, उजवेकडे." त्या दिवसापासून तो सांगत राहिला आणि भाई ठरवत राहिले. कधी त्यांचं ठरवणं त्याला पटत नसे. बाबलीला मागे ठेवावं, सत्यवानला मधून सोडावं, असं त्याच्या मनात येई. अशा वेळी तो बुटाच्या टोकाने तांबडा खडा उकरत उभा राही आणि खडा निघाला की पुन्हा मैदानाकडे बघे.

सोमवारी प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"बसा, गुरुदास. एक विचारायचं होतं. भाईंना मैदान दिसतं का?"

गुरुदास खुर्चीच्या कडेवर बसला होता. खिडकीबाहेर कसालच्या बाजूने आलेली एस.टी. धूळ उडवत गेली.

"दिसतं, सर."

"नीट दिसतं?"

"माझ्यापेक्षा नीट. काय करायचं ते सगळं भाईच सांगतात. मी नुसता शेजारी उभा असतो."

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. या तुम्ही."

घरी त्याची बायको चंद्रावती बाजारातून आलेली, मासळीची रिकामी पाटी धुऊन भिंतीला उभी करत होती. गुरुदासने तिला सगळं सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.

"आणि खरा सांगलं असतंस तर?" तिने विचारलं.

"तर भाई घराक बसले असते."

"आणि तू?"

त्याने बादलीतलं उरलेलं पाणी माडाच्या मुळाशी ओतलं.

पंधरवड्याने कॉलेजात कळलं की भाई निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी कोल्हापूरचे एक पदवीधर शिक्षक येणार आहेत. आपलं खोटं पकडलं गेलं, असं गुरुदासला वाटलं. त्या दुपारीच तो मसुऱ्याला भाईंच्या घरी गेला. भाईंची बहीण जानकीबाय हिने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. भाई घरापुढच्या खळ्यात बसले होते. पावलांवरून त्यांनी त्याला ओळखलं.

"प्राचार्यांका कोणी सांगल्यान, भाई?"

"मी."

गुरुदासने हातातला तांब्या खाली ठेवला.

"मीच त्यांच्याकडे गेललंय," भाई म्हणाले. "म्हटलं, दोन वर्सां झाली, माका बॉल दिसणा नाय. टीम गुरुदास चालयता. माका आता सोडा, माझी जागा त्येका द्या. ते म्हणाले, गुरुदासला विचारतो, तोही हेच म्हणाला तर देतो."

खळ्यात सुपारी वाळत पडली होती. एक कोंबडी तिच्यात शिरली, तरी दोघांपैकी कुणी तिला हाकललं नाही.

"तू काय सांगलंस ता त्यांनी माका सांगल्यानी. म्हणाले, भाई, तुम्ही मोठ्या मनाचे, त्या पोरासाठी आपले डोळे गेले म्हणून सांगताहात. पण तो स्वतःच म्हणतो, मी नुसता शेजारी उभा असतो. मग टीम त्याच्या हातात कशी देऊ?"

"मी आताच जातंय. खरा सांगतंय त्यांका."

"आता तुझ्यार कोण इश्वास ठेवतलो?"

गुरुदास उठला होता, तो परत खाली टेकला.

"माका वाचवूक गेलंस," भाई म्हणाले. आवाजात राग होता, पण तो खाली खाली उतरत गेला. "तुका देऊक माझ्याकडे तेवढाच होता रे."

निरोपाचा सामना झाला तेव्हा कोल्हापूरचे शिक्षक आले होते. तरुण होते, भाईंच्या पाया पडले. गुरुदासला म्हणाले, "तुम्ही मदतीला राहा, मुलं तुम्हाला ओळखतात." गुरुदास हो म्हणाला. सामना संपला. नारळ दिला, शाल दिली, दोन भाषणं झाली, मग चहा. मसुऱ्याची गाडी गाठायची म्हणून भाई उठले.

आजवर गुरुदास त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चाले. खड्डा आला की खोकायचा, दगड आला की पाय जोरात टाकायचा. भाई त्या आवाजावर चालत आणि बघणाऱ्याला काहीच कळत नसे. तो सवयीने पुढे झाला.

"थांब," भाई म्हणाले.

तो थांबला. भाईंनी हात पुढे केला, हवेत थोडा इकडे तिकडे फिरवला आणि त्याचं कोपर सापडल्यावर घट्ट धरलं. सत्यवान, बाबली, सगळी मुलं बघत होती. प्राचार्य कपबशी हातात धरून अर्धवट उठले.

"चल," भाई म्हणाले. "आणि नीट सांग. सगळ्यांका आयकूक जाऊंदे."

गुरुदास त्यांच्या बरोबरीने उभा राहिला.

"फुडे उतार आसा, भाई," तो मोठ्याने म्हणाला. "पाय जरा दाबून टाका."